‘नेव्हीची ऑर्डर’ आली तर आधी हे वाचा, माझे 63,409 रुपये गेले

राजेहो, हातानं काहीही बनवून फेसबुकवर फोटो टाकत असाल, जहाज असो, बैलगाडी असो की लाकडाची गणपतीची मूर्ती, तर हे पूर्ण वाचा. लांब आहे. हिशोब खाली देतो. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, घरी अन् गावात देऊन झालेल्या आहेत, आता काही वाटत नाही. वाटते, पण जाऊ द्या.

वर्धा नदीच्या काठावर आमचं गाव, माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. हिवाळ्या-उन्हाळ्यात कास्तकारांच्या जळालेल्या मोटारी येतात, पावसाळ्यात धंदा बसतो, तेव्हा मी जहाजं बनवतो. खेळणी नाही हो, स्केल मॉडेल. हा फरक पुढे पोलीस ठाण्यात लई महागात पडला म्हणून आताच सांगून ठेवतो. प्लायचा सांगाडा, वर शिवणीच्या पट्ट्या, सागवान आरा मशीनवरून उरलेलं, रेलिंगला जळक्या कॉइलची तांब्याची तार, अँटेनाला त्याहून बारीक. मुंबईचा समुद्र आमच्यापासून आठेकशे किलोमीटर, त्यामुळे गावात मला सगळे कॅप्टन म्हणतात, अन् ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

माझं मुख्य काम म्हणजे जुनी विक्रांत, भारताची पहिली विमानवाहू नौका. ज्यांनी करून पाहिलं त्यांना माहीत आहे की हे जहाज किती छळते. 1945 ला इंग्लंडात हर्क्युलिस नावानं पाण्यात उतरलं, अर्धवट पडून राह्यलं, भारतानं 1957 ला घेतलं, बेलफास्टला पूर्ण झालं अन् 4 मार्च 1961 ला नौदलात आलं. मधल्या काळात डेकवरची विमान उतरायची पट्टी तिरकी झाली, विमान ढकलून उडवायचं वाफेचं यंत्र म्हणजे कॅटापल्ट बसलं, म्हणजे मूळ ड्रॉइंगवर विसंबून केलं तर चुकलंच. त्याच वर्गातली ऑस्ट्रेलियाची मेलबर्न, कॅनडाची बॉनव्हेंचर पाहून काही अंदाज येते, पण ती प्रत्येक वेगळी. अन् मोजायला जहाजच नाही आता, म्युझियम 2012 ला बंद केलं, 2014 ला तोडायला घेतलं. मग करायचं काय, तर फोटोतल्या विमानावरून माप काढायचं. अलिझे विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 15.6 मीटर, 1:200 ला, म्हणजे खऱ्याच्या दोनशेव्या हिश्श्यात, 7.8 सेंटिमीटर, ते विमान ज्या फोटोत पंख उघडून डेकवर उभं आहे त्यावरून लिफ्ट केवढी, क्रेन केवढी. एकेका फोटोवर रात्र जाते. हे सगळं सांगून राहिलो कारण त्या भामट्यानं बरोबर इथंच बोट ठेवलं.

ऑगस्टमध्ये मेसेज आला. हिंदीत. ‘कमांडर’ साहेब, नौदलाच्या कुठल्याशा हेरिटेज विभागातून. 1971 च्या रूपातली विक्रांत पाहिजे, 1:200, म्हणजे साधारण साडेतीन फूट, काचेच्या पेटीसकट, 4 डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आत. किंमत मी भीत भीत 1,85,000 सांगितली. साहेब एका शब्दानं घासाघीस न करता तयार. इथं कोणी म्हणेल की तेव्हाच कळायला पाहिजे होतं. अहो, गावात मोटर बांधायचे दीडशे कमी करायला माणूस अर्धा घंटा बसते, आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या कामाची किंमत न घासता मान्य केली, तर मी काय म्हणू, साहेब तुम्ही चोर आहात?

मग पर्चेस ऑर्डर आली. वर अशोकस्तंभ, खाली शिक्का, सही, आयडीचा फोटो. एकदा व्हिडिओ कॉल पण, पांढरा युनिफॉर्म, खांद्यावर पट्ट्या. युनिफॉर्म दुकानात शिवून भेटतो. ट्रूकॉलरवर ‘इंडियन नेव्ही’ दिसलं होतं, ते नाव कोणीही टाकू शकते, त्याला काडीचा अर्थ नाही.

आता ती गोष्ट. ऑर्डरला ‘रेफरन्स इमेज’ म्हणून फोटो जोडलेला. मी उघडला अन् पाहताक्षणी कळलं, ही विक्रांत नाहीच. आयलंडवर, म्हणजे डेकवरच्या बुरुजासारख्या इमारतीवर, जहाजाचा नंबर आर-22 लिहिलेला. आर-22 म्हणजे विराट, आपली दुसरी विमानवाहू! समोर स्की-जंप, म्हणजे विमान उडायला वर उचललेलं टोक, आयलंड वेगळा, सगळंच वेगळं. विराट भारतात आली 1987 ला, अन् हे 1971 चं जहाज मागून राहिले. विक्रांतला स्की-जंप बसली तीही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, 71 ला डेक सपाट, कॅटापल्टवरून सी हॉक अन् अलिझे उडायचे. नौदलाचा कमांडर, जन्म जहाजावर गेलेला, त्याला विक्रांत अन् विराट ओळखू येऊ नये? कास्तकाराला कपाशी अन् अंबाडी कळू नये तसं झालं हे.

अन् मी काय केलं? मी त्याला दुरुस्ती पाठवली. तीन पानांची. फोटोवर लाल गोल करून. डेक सपाट राहील, कॅटापल्ट डाव्या बाजूला, सी हॉक इतके, अलिझे तितके, बोफोर्स तोफा कुठं. त्याचा रिप्लाय, ‘अरे वाह, आप तो हमारे अफसरों से ज़्यादा जानते हो, इसीलिए आपको चुना.’ मी तो मेसेज मंडळीला वाचून दाखवला. दोनदा वाचला. मला वाटलं की क्लार्कनं चुकीचा फोटो जोडला असेल, सरकारी ऑफिसात असं होतेच, सातबाऱ्यावर माझ्या आजोबांचं नाव अजून चूक आहे. हे कारण आजही मला पटते, म्हणूनच तर जास्त राग येते.

पैशाचं असं झालं. पहिले ‘वेंडर रजिस्ट्रेशन’ 2,000 अधिक 18 टक्के जीएसटी, 2,360. चोर जीएसटी लावेल असं तुम्हाला वाटलं असतं का? मग 5 टक्के अनामत, 9,250. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या नालीच्या कामाला अनामत भरावी लागते, तर नेव्हीला नाही लागणार? नंतर कळलं की सरकारी खरेदी जेम नावाच्या सरकारी पोर्टलवरून, नाहीतर रीतसर टेंडरनं होते, अन् कोणता साहेब व्हॉट्सॲपवर अनामत मागत नाही. ईमेल पण पाहा, सरकारी असेल तर शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन पाहिजे, माझ्या साहेबांचा जीमेल होता.

मग 50 टक्के ॲडव्हान्स, 92,500, द्यायचे म्हणून ‘अकाउंट्सचे मेजर साहेब’ फोनवर. नौदलात मेजर नसते, लेफ्टनंट कमांडर असते, हे मला झोपेत विचारा. पण संरक्षण खात्याचा हिशोब विभाग तिन्ही दलांचा एकच आहे हेही मी वाचलेलं होतं, म्हणून म्हटलं असेल आर्मीचा कोणी. तिथं सिव्हिलवाले बसतात हे मागून कळलं. अर्धवट माहिती कोऱ्या डोक्यापेक्षा वाईट. मेजरनं क्यूआर पाठवला, 1 रुपया टाकायला लावला, लगेच 2 रुपये परत आले. ‘सिस्टम चेक हो गया.’ मग 18,500 टाका, ते अन् ॲडव्हान्स मिळून 1,11,000 एकदम येतील. टाकले. आले नाहीत. ‘रेफरन्स मिसमॅच’, परत 18,500. मग ट्रान्झिट इन्शुरन्स 14,800, त्याशिवाय रक्कम सुटत नाही म्हणे. अजून 27,000 मागत होते तेवढ्यात मुलीनं मोबाईल हातातून हिसकला. अकरावीत आहे. ती म्हणाली, बाबा, पैसे घ्यायला पिन टाकावा लागते का?

नाही लागत. कधीच नाही लागत. पिन टाकला म्हणजे पैसे गेले, क्यूआर स्कॅन केला म्हणजे तुम्ही देणार, समोरचा देत नसते. ज्याला खरंच पैसे द्यायचे आहेत त्याला खाते नंबर अन् आयएफएससी पुरते. हे दुकानात लिहून लावलं आहे आता.

बेरीज करा, 63,411 गेले, 2 आले. 63,409. शिवाय प्लाय, शिवण, फोम शीट, विमानं ओतायचं सिलिकॉन असं 11,700 चं सामान ऑगस्टमध्येच आणून पाडलं होतं, ते तक्रारीत धरत नाहीत.

आता सरकारी यंत्रणेचं ऐका. 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावला. हा नंबर पाठ करा, चोरी झाल्या झाल्या लावला तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येतात. पण लागला तर ना! एंगेज, मग संगीत, मग कट. लागला तेव्हा बाईनं माहिती नीट घेतली, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. म्हणाल्या ठाण्यात जा. ठाण्यात गेलो तर, भाऊ, हे जिल्ह्याच्या सायबरकडे जाते. जिल्ह्याला गेलो, एसटीनं, आख्खा दिवस, तर आधी बँकेचं स्टेटमेंट आणा, शिक्क्याचं. बँकेत गेलो तर प्रिंटर बंद. प्रिंटर चालू झाला तर शिक्का ज्यांच्याकडे ते रजेवर. मॅनेजर म्हणे, पिन तुम्हीच टाकला ना? मी म्हटलं रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही. तो म्हणे, ते तुमच्या नकळत गेले तर, हे तर तुम्ही स्वतः पाठवले. नियमानं तो बरोबर आहे. पण बोलायची एक पद्धत असते का नाही? मागे लाइनीत अर्धं गाव उभं, अन् हा मोठ्यानं विचारते, ‘नेव्हीनं तुम्हाला ऑर्डर दिली, असं वाटलंच कसं तुम्हाला?’

परत ठाण्यात. हवालदार म्हणे, ‘काहून बे, इथं पाणी प्यायला नाही अन् तू जहाज विकून राह्यला?’ सगळे हसले. मी वयानं त्याच्यापेक्षा मोठा आहे. एफआयआर म्हटलं की म्हणे आयटी ॲक्टचा तपास इन्स्पेक्टर दर्जाचा अधिकारीच करू शकते अन् साहेब बंदोबस्तात. गणपती झाले, दुर्गादेवी झाल्या, मग कोण्या मंत्र्याचा दौरा. शेवटी साधा अर्ज लिहून घेतला, त्यात लिहिलं, ‘खेळण्यातील जहाज, 1 नग’. मी म्हटलं साहेब, खेळणं नाही, स्केल मॉडेल. तो म्हणे, कॉलमात एवढीच जागा आहे. म्हटलं मग ‘मॉडेल’ लिहा, तीन अक्षरं आहेत. म्हणे तुम्हाला पैसे पाहिजे का मराठीचा तास? सही केली, काय करता. पोर्टलवर आजही ‘अंडर प्रोसेस’ दाखवते. ज्या खात्यात पैसे गेले ते दुसऱ्या राज्यातल्या कोण्या मजुराच्या नावाचं निघालं म्हणतात, त्यातून त्याच दिवशी काढून घेतलेले. तो मजूर तरी खरा का खोटा, कोणाला माहीत.

तरी तक्रार कराच. सायबरक्राइम पोर्टलवर नंबर भेटते, तो जपून ठेवा. अन् रागारागात चॅट डिलीट करू नका, माझ्या साळ्यानं तेच करायला सांगितलं होतं, ऐकलं असतं तर हातात काहीच नसतं. ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याचा बँकेचा खूण-नंबर, प्रत्येक पेमेंटचा वेगळा लिहून ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर बँकवाले नाक मुरडतात.

हे सगळं मी लिहिणार नव्हतो. झालं ते झालं, अजून कितीवेळा हसू करून घ्यायचं. पण मागच्या आठवड्यात एका मॉडेलवाल्या भावानं मला व्हॉट्सॲपवर एक कागद पाठवला, दादा स्केलचा हिशोब तपासून द्या, नेव्हीची ऑर्डर आहे. उघडला तर तीच पर्चेस ऑर्डर. तोच शिक्का. फक्त फोटो बदललेला, आता विराट नाही, बरोबर विक्रांत, आर-11, सपाट डेक. अन् मागं जोडलेली तीन पानं ‘टेक्निकल स्पेसिफिकेशन’ म्हणून, ती माझी! माझं कॅटापल्ट, माझ्या बोफोर्स, अलिझेचे 7.8 सेंटिमीटर, एका जागी मी ‘आयलंड’ लिहिताना केलेली स्पेलिंगची चूक पण जशीच्या तशी. माझे लाल गोल तेवढे पुसले.

म्हणजे मला निदान एक चूक दिसली होती, पुढच्याला तीही दिसणार नाही. त्या भावाचे 2,360 तोपर्यंत गेलेले होते, 9,250 भरायच्या बेतात होता, थांबवला. 1971 ची विक्रांत, 1:200, तीन पानी स्पेसिफिकेशन अन् 2,360 रजिस्ट्रेशन असं काही कोणाला आलं तर एक रुपया टाकू नका, नंबर ब्लॉक पण करू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या अन् मला मेसेज करा. माझा तक्रार नंबर देतो, तुमच्या तक्रारीत तो टाका, दोन-चार जिल्ह्यांच्या तक्रारी एकमेकांना जोडल्या गेल्या तर बंदोबस्तातून कोण्या साहेबाला वेळ भेटेल कदाचित.