बडोदा खटल्याचं पुनर्मुद्रण: छपाई सुमार, तरीही घ्यावं

बडोद्यातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करवल्याच्या आरोपावरून बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर चाललेल्या खटल्यातल्या साक्षींचं हे इंग्रजी पुनर्मुद्रण बडोद्याच्या रावपुऱ्यात मागणी नोंदवली की छापून मिळतं. जुन्या प्रतीच्या स्कॅनवरून काढल्यामुळे शिलाईकडची अक्षरं गिळली गेली आहेत, सूचीही नाही. पैसे देण्याआधी कर्नल फेअर यांच्या उलटतपासणीची पानं चाळा. तीच अर्धवट असतील तर प्रत परत करा.

पहिल्या पानापासून वाचू नका. आधी २ नोव्हेंबर १८७४चा खलिता, म्हणजे दरबारी पत्र, वाचा. रेसिडेंट फेअर यांना बदला, अशी मागणी मल्हाररावांनी त्यात व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांच्याकडे केली होती. बरोबर सात दिवसांनी, ९ नोव्हेंबरला सकाळी, फेअर पपनसाच्या रसाचं सरबत दोन-तीन घोट पितात, बरं वाटेनासं होतं म्हणून उरलेलं फेकतात, आणि पेला ठेवताना त्यांना तळाशी गाळ दिसतो. हा गाळ आधी रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड आणि मग मुंबईचे रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांनी तपासला. निघाला सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष.

सरबत फेकणं समजू शकतं. पण ज्याच्यावर विषप्रयोग झाला आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, त्याच माणसाने रेसिडेन्सीच्या नोकरांची पहिली चौकशी स्वतः करावी, हे अक्षम्य आहे. मल्हाररावांचा कारभार वाईट होता, त्याविषयी फेअर खोटं बोलत नव्हते. म्हणूनच त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं. नॉर्थब्रुक यांनी त्यांना हटवून सर लुईस पेली यांना पाठवलं, तोवर उशीर झाला होता.

रेसिडेन्सीतल्या रावजी हवालदाराच्या पट्ट्यात सापडलेल्या विषाच्या पुडीचा भाग सावकाश वाचा. पुडी सापडली तेव्हा तो पट्टा दुसऱ्याच शिपायाकडे होता. बचावाचे वकील बॅलंटाइन यांनी पोलिसांना इथेच धरलं.

खटला चालवणाऱ्या सहा जणांच्या आयोगातल्या तिन्ही इंग्रज सदस्यांनी आरोप सिद्ध झाल्याचं मत दिलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव या भारतीय सदस्यांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. या तिघांची मतं प्रत्येकी वेगळी आहेत, एकत्र समजून वाचू नका. एप्रिल १८७५मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं ते मात्र गैरकारभाराचं कारण देऊन, विषाच्या आरोपावर नव्हे. तो जाहीरनामाच या आवृत्तीत घातलेला नाही, आणि पुसट छपाईपेक्षा ही उणीव मोठी आहे.