रसायनशास्त्राची पदवी: संलग्न महाविद्यालय, आयसर की आयसीटी?

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण होऊन रसायनशास्त्रातच पुढे जायचे ज्याने ठरवले आहे, त्याच्यापुढे महाराष्ट्रात मुख्यतः तीन वाटा असतात. पहिली वाट विद्यापीठाशी संलग्न किंवा स्वायत्त महाविद्यालयातील बी.एस्सी.ची. दुसरी पुण्याच्या आयसरसारख्या संशोधनकेंद्री संस्थेतील पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रमाची. तिसरी माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील, म्हणजे आयसीटीतील चार वर्षांच्या बी.टेक.ची, जुन्या पिढीतील लोक या संस्थेला अजूनही यूडीसीटीच म्हणतात. या तिन्ही वाटांची तुलना बहुतेक घरांमध्ये संस्थेच्या नावावर आणि पहिल्या पगाराच्या आकड्यावर होते. माझ्या मते ती प्रयोगशाळेत कोणते काम करायला मिळते यावर व्हायला हवी, कारण एकच विषय या तीन ठिकाणी तीन वेगळ्या कामांच्या रूपाने समोर येतो आणि यातले कोणते काम आपल्याला आयुष्यभर आवडेल, हे विद्यार्थ्याखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही.

हा फरक समजून घेण्यासाठी ॲसिटॅनिलाइडचे नायट्रेशन, म्हणजे या संयुगाच्या बेंझीन कड्याला नायट्रो गट जोडणे, ही पदवीच्या अभ्यासातील एकच नेहमीची अभिक्रिया घेऊ. बी.एस्सी.चा विद्यार्थी बर्फाच्या पाण्यात चंचुपात्र ठेवून संहत सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लांचे मिश्रण त्यात थेंबाथेंबाने सोडतो, तापमान वर जाऊ देत नाही, शेवटी सगळे बर्फावर ओततो आणि खाली बसलेला पिवळसर साका गाळून अल्कोहोलमधून त्याचे पुनर्स्फटिकीकरण करतो. वितळणबिंदू २१५ अंश सेल्सिअसच्या आसपास आला, तर पॅरा-नायट्रोॲसिटॅनिलाइड बऱ्यापैकी शुद्ध मिळाले असे समजायचे, किती ग्रॅम आले ते जर्नलमध्ये नोंदवायचे, सरांची सही घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात पुढचा प्रयोग. यात कमीपणाचे काही नाही. हाताला वळण लागते, आम्लाची भीती जाते आणि आदर जात नाही, आणि औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात पहिल्या दिवसापासून लागते ते नेमके हेच वळण.

संशोधनकेंद्री संस्थेत हाच प्रयोग झाला, तर खरा वेळ अभिक्रिया संपल्यानंतर जातो. नायट्रो गट पॅरा स्थानीच, म्हणजे कड्यावर आधीच्या गटाच्या बरोबर समोर, प्रामुख्याने का गेला, ऑर्थो, म्हणजे शेजारच्या स्थानी गट असलेले रूप, किती बनले आणि ते गाळलेल्या अल्कोहोलमध्ये राहिले का, मिश्रणातील घटक वेगळे करून दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर दोन ठिपके दिसतात का, रेणूची रचना ओळखणाऱ्या एनएमआर उपकरणाच्या आलेखातील बेंझीन कड्याच्या हायड्रोजनांचा नमुना पॅराशीच जुळतो हे कशावरून म्हणायचे, कड्यावर प्रत्यक्ष हल्ला करणारा नायट्रोनियम आयन तयार होण्यात सल्फ्युरिक आम्लाचा वाटा कोणता, असे प्रश्न पुढे येतात. उत्पादन किती आले यापेक्षा पुरावा किती भक्कम आहे याला तिथे किंमत असते. ज्याला उत्तर मिळाल्यावर समाधान वाटण्याऐवजी पुढचा प्रश्न सुचतो, त्याला हे वातावरण मानवते. इतरांना ते दुसऱ्या वर्षापर्यंत कंटाळवाणे होऊ शकते.

आयसीटीत या अभिक्रियेकडे आकारमानाच्या बाजूने पाहिले जाते. पॅरा-नायट्रोॲनिलीन हे ॲझो या प्रकारच्या कृत्रिम रंगांचे जुने मध्यस्थ रसायन (ज्यापासून पुढे रंग बनवतात ते) आहे आणि नायट्रोॲसिटॅनिलाइडपासून ते एका पायरीवर मिळते. म्हणजे चंचुपात्रातील हा प्रयोग कोणत्यातरी कारखान्यात टनावारी चालत आलेला आहे. शंभर मिलिलिटरच्या भांड्यात जे बर्फाने भागते, ते हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये भागत नाही. भांड्याचा आकार तोच ठेवून आकारमान १०,००० पट केले, तर ज्यातून उष्णता बाहेर जायची तो पृष्ठभाग सुमारे ४६४ पटच वाढतो. दर लिटरमागे थंड करणारा पृष्ठभाग विसाव्या हिश्श्याहूनही खाली येतो. नायट्रेशन उष्णतादायी असल्यामुळे आम्ल किती वेगाने सोडायचे, रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधून किती थंड पाणी फिरवायचे, ढवळणारा पंखा मध्येच बंद पडला तर काय करायचे आणि शेवटी उरणाऱ्या वापरलेल्या आम्लाची विल्हेवाट कशी लावायची, हा तिथला अभ्यास आहे. रेणू तोच राहतो, पण त्याच्याभोवती गणित, पाईप, पंप आणि खर्च येतो. रसायनशास्त्र आवडते म्हणून आयसीटीत गेलेल्या काहींना दुसऱ्या वर्षी द्रवगतिकी आणि उष्मा-स्थानांतरण समोर आल्यावर आपण वेगळ्याच विषयात आलो की काय असे वाटते. तसे वाटणे चूक नाही. तो विषय खरोखरच वेगळा आहे.

प्रवेशाच्या बाजूने पाहता तिन्ही वाटांचे दरवाजे वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या किल्ल्यांनी उघडतात. आयसरसाठी आयएटी ही स्वतंत्र परीक्षा आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ असे एकूण ६० प्रश्न तीन तासांत सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. बारावीला या चारपैकी तीन विषय असले तरी अर्ज करता येतो, परंतु सोडलेल्या विषयाचे १५ प्रश्न समोर येतातच. २०२४ पासून जेईई ॲडव्हान्स्डच्या क्रमांकावर आयसरमध्ये थेट जाण्याची सोय उरलेली नाही. त्यामुळे जेईईची तयारी आपोआप इथेही उपयोगी पडेल या भरवशावर राहणाऱ्यांनी, निदान जीवशास्त्राचे अकरावी-बारावीचे पुस्तक एकदा नजरेखालून घालावे. आयसीटीच्या बी.टेक.च्या ७० टक्के जागा एमएचटी-सीईटीतून आणि ३० टक्के जेईई मेनमधून भरतात. केमिकल इंजिनिअरिंगसाठी सीईटीत ९९ पर्सेंटाईलच्या पुढे असावे लागते. रंग, तेले, तंतू, पृष्ठलेपन या शाखा त्याहून कमी गुणांवर मिळतात. बी.एस्सी.चा प्रवेश बव्हंशी बारावीच्या गुणांवर होतो, आणि नामांकित स्वायत्त महाविद्यालये वगळता तो फारसा अवघड नाही.

गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांसाठी तुलना इथेच बरीच आटोपते. आयसीटीच्या बी.टेक.ला बारावीचे गणित लागते, त्यामुळे तो पर्याय बाद होतो आणि बी.एस्सी. व आयसर एवढेच उरतात. मात्र गणितापासून सुटका म्हणून रसायनशास्त्राकडे येणाऱ्याने हे आधीच ओळखून असावे की भौतिक रसायनशास्त्रात ऊष्मागतिकी, अभिक्रियांचा वेग आणि पुंज यांत्रिकी हे भाग कलन (कॅल्क्युलस) आल्याशिवाय समजत नाहीत. पाठ करून पेपर निघतो. पुढच्या प्रवेश परीक्षेत मात्र तो भाग अडतो.

बी.एस्सी.च्या रचनेविषयी पालकांच्या मनात सध्या सर्वांत जास्त गोंधळ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत आणि त्यापाठोपाठ, २०२४-२५ पासून, संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांची रचना लागू झाली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. जुन्या पद्धतीत टी.वाय.ला जवळपास सगळे पेपर रसायनशास्त्राचेच असत. आता मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली आणि कार्यप्रशिक्षण यांचेही श्रेयांक (क्रेडिट) मिळवावे लागतात. विषयाची खोली त्यामुळे थोडी कमी झाली, अशी प्राध्यापकांची तक्रार ऐकू येते आणि ती मला रास्त वाटते. दुसऱ्या बाजूने, दुय्यम विषय म्हणून भौतिकशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेणाऱ्याला प्रयोगशाळेतील आकडे हाताळताना त्याचा खरा उपयोग होतो. कोणता विषय सोपा जातो एवढ्यावरच निवड करू नये.

वर्षांचा हिशेब मात्र दिसतो तेवढा वेगळा नाही. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची एम.एस्सी., किंवा चार वर्षांची ऑनर्स आणि एक वर्षाची एम.एस्सी., किंवा आयसरचे सलग पाच वर्षांचे बी.एस.-एम.एस., तिन्हींची बेरीज पाचच होते. फरक आहे तो मध्ये थांबून वाट बदलण्याच्या मुभेत. बी.एस्सी.नंतर जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येते, आणि दरवर्षी साध्या महाविद्यालयांतून आलेली मुले तिथे पोहोचतात. एम.बी.ए., स्पर्धा परीक्षा, शिक्षकीपेशा, उद्योगातील नोकरी यांपैकी काहीही तीन वर्षांनंतर निवडता येते. सतराव्या वर्षी ज्याचे ठरलेले नाही त्याच्यासाठी हा मोकळेपणा मोलाचा आहे, आणि ‘बी.एस्सी. करून काय करणार?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना तो सहसा दिसत नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पीएच.डी.साठी चार वर्षांच्या पदवीची अपेक्षा धरतात, म्हणून तिकडे थेट जाऊ इच्छिणाऱ्याने तिसऱ्या वर्षीच पदवी घेऊन बाहेर पडण्याआधी विचार करावा.

आयसरमध्ये सुरुवातीला सर्वांना चारही मूलविज्ञाने शिकावी लागतात, मुख्य भर त्यानंतर ठरतो आणि पाचवे वर्ष एखाद्या संशोधन प्रबंधाला दिलेले असते. रसायनशास्त्र म्हणून गेलेला विद्यार्थी गणिताकडे किंवा जीवशास्त्राकडे वळला, असे तिथे सहज घडते. पुण्याची संस्था २००६ मध्ये सुरू झाली, तिचे पहिले संचालक के. एन. गणेश हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते आणि शेजारीच १९५० पासून उभी असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. त्यामुळे रसायनशास्त्राचे वातावरण इथे घट्ट आहे. मुंबईतच राहायचे असेल, तर कलिना संकुलातील मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त मूलविज्ञान केंद्र नेस्ट परीक्षेतून पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश देते. ते आकाराने बरेच लहान आहे, आणि लहान वर्गात शिकण्याची सवय असलेल्यांना ते अधिक आवडेल. या दोन्ही ठिकाणचा नैसर्गिक शेवट पीएच.डी. हा आहे. पाच वर्षांनंतर लगेच कारखान्यात चांगल्या पदाची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे.

नोकरी हाच निकष असेल, तर आयसीटी सरळ पुढे आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून ती सुरू झाली, तेव्हा गिरण्यांच्या शहराला हवे असलेले वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हेच तिचे पहिले विषय होते. उद्योगाशी असलेले तिचे नाते मुळातूनच आलेले आहे. रघुनाथ माशेलकर इथलेच विद्यार्थी. तारापूर, पाताळगंगा, रोहा, लोटे, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींमधील कारखान्यांत बी.एस्सी. झालेला मुलगा बहुधा पाळीत काम करणारा केमिस्ट म्हणून लागतो, तर बी.टेक. झालेला प्रक्रिया किंवा उत्पादनाच्या नियोजनाकडे जातो. पगाराची दरी पहिल्या दिवसापासूनच असते आणि ती अनुभवाने भरून निघायला बरीच वर्षे लागतात. घराला लवकर हातभार लावणे ज्याला भाग आहे आणि ज्याचे गणित पक्के आहे, त्याने सीईटीसाठी वर्षभर झटणे हेच शहाणपणाचे.

पैशाच्या बाजूने अनुदानित महाविद्यालयातील बी.एस्सी. सर्वांत स्वस्त पडते. त्याच महाविद्यालयातील विनाअनुदानित तुकडीचे शुल्क मात्र कित्येक पटींनी जास्त असू शकते, म्हणून अर्ज भरताना आपली तुकडी कोणती हे तपासावे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वर्षाला ८०,००० रुपयांची इन्स्पायर शिष्यवृत्ती फक्त आयसरच्या मुलांना मिळते, असा समज आहे. प्रत्यक्षात बोर्डात वरच्या १ टक्क्यात असलेला विद्यार्थी मूलविज्ञानातील बी.एस्सी. करत असला, तरी तीसाठी पात्र ठरू शकतो. गावातील महाविद्यालयात शिकणारे कित्येक जण अर्जच करत नाहीत.

बी.एस्सी.कडे कल असेल, तर महाविद्यालयांमधील फरक हा तीन वाटांमधील फरकापेक्षाही मोठा असतो. माहितीपत्रकात सगळ्यांकडे सगळी उपकरणे असतात. प्रवेशापूर्वी दुपारी, प्रात्यक्षिकाच्या वेळी, प्रयोगशाळेत डोकावावे: एका ब्युरेटमागे किती मुले उभी आहेत, विषारी वाफा बाहेर ओढणारे धुराडे-कपाट (फ्यूम हूड) चालू आहे की त्यात जुन्या बाटल्या रचून ठेवल्या आहेत, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कापडी झाकण आहे की वापराची नोंदवही. टी.वाय.च्या एखाद्या विद्यार्थ्याचे जर्नल पाहायला मिळाले, तर सगळ्यांची निरीक्षणे दशांशापर्यंत एकसारखी आहेत का तेही पाहावे. तशी असली, तर तिथे टायट्रेशन एकाने केले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले, हे उघड आहे.

आयएटीत थोडक्यात हुकलेल्यांना वर्ष रिकामे ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्यामागे शिकवणी वर्गांची जाहिरातही असते. आदल्या वर्षी बारावी झालेल्यांनाही ही परीक्षा देता येत असल्यामुळे, एफ.वाय.ला प्रवेश घेऊन पुन्हा प्रयत्न करणे मला अधिक पटते. जागा मिळालीच, तर आयसरमध्ये पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल, पण पिपेट हातात धरण्याचा सराव आधीच झालेला असेल. आणि नाही मिळाली, तर एस.वाय.चे वर्ग जूनमध्ये सुरू होतातच.