लॅपटॉपची वाढीव वॉरंटी: तीन वर्षे वापरल्यानंतरचा अभिप्राय

माझ्या लॅपटॉपची तीन वर्षांची वॉरंटी नुकतीच संपली. पहिले वर्ष कंपनीने यंत्राबरोबरच दिले होते. पुढची दोन मी पैसे मोजून घेतली आणि त्यासाठी लॅपटॉपच्या किमतीच्या साधारण ९ टक्के रक्कम भरली. या वाढीव मुदतीत मला दोनदा तक्रार नोंदवावी लागली. एक तक्रार फेटाळली गेली, दुसरी मान्य झाली. वाढीव वॉरंटी घ्यावी का, असे विचारले की ज्याचा लॅपटॉप बिघडला तो ‘डोळे मिटून घ्या’ म्हणतो आणि ज्याचा बिघडला नाही तो ‘पैसे पाण्यात’ म्हणतो. मला एकाच वॉरंटीत दोन्ही अनुभव आले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो आहे.

प्रथम खरेदीविषयी. लॅपटॉप घेताना बिल होत असतानाच विक्रेत्याने ‘संपूर्ण संरक्षण’ अशा नावाची एक योजना पुढे केली होती. ती मी तेव्हा घेतली नाही, आणि तो निर्णय बरोबर होता असे आजही वाटते. बिलाच्या वेळी जी योजना विकली जाते ती पुष्कळदा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची नसते. ती दुकानाची किंवा एखाद्या तिसऱ्याच विमा संस्थेची असते, तिचे दुरुस्ती केंद्र वेगळे असते आणि भरपाई देताना घसारा वजा करण्याची तरतूद बारीक अक्षरांत असू शकते. शिवाय ‘तीन वर्षे’ या शब्दांत कंपनीचे मूळ वर्ष धरलेले आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. धरलेले असेल, तर आपण तीन वर्षांच्या नावाखाली दोनच वर्षे विकत घेत असतो. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत त्यांची स्वतःची वाढीव वॉरंटी विकतात, त्यामुळे घाई करण्याचे कारण नसते. मी अकराव्या महिन्यात, कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर घालून, इंजिनिअर घरी येणारी ऑनसाइट वॉरंटी घेतली. अपघाती नुकसानीचे संरक्षण मात्र त्यात नव्हते. त्याची किंमत पुढे कळली.

बाविसाव्या महिन्यात एके सकाळी झाकण उघडताना उजव्या बिजागरीपाशी ‘कट्’ असा आवाज झाला आणि पडद्याच्या चौकटीचा खालचा कोपरा सुटून वर आला. लॅपटॉप कधी पडला नव्हता, त्यावर काही ठेवले गेले नव्हते. आत काय होते हे पुढे दुरुस्तीच्या वेळी पाहायला मिळाले: बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नळ्यांत बसतात त्या नळ्या प्लॅस्टिकच्या छोट्या खुंट्यांमध्ये रुतवलेल्या असतात. कालांतराने बिजागरी घट्ट होते, झाकण उघडण्याचा सगळा जोर त्या खुंट्यांवर येतो आणि त्या मुळापासून उखडतात. माझ्या दृष्टीने हा रचनेतला दोष होता. इंजिनिअरने मोबाइलवर चार फोटो काढले, जॉब शीटवर ‘बाह्य आघातामुळे नुकसान’ असे लिहिले आणि सही मागितली. मी सहीच्या वर ‘निष्कर्ष मान्य नाही’ असे लिहिले, कडांवर एकही पोचा नसल्याचे फोटो पाठवले, वरिष्ठांपर्यंत दाद मागितली. उत्तर तेच आले. शेवटी बाहेरच्या कारागिराकडून झाकण बदलून घेतले. त्याचा खर्च मी वॉरंटीसाठी भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी होता.

वॉरंटी ‘निर्मितीतील दोष’ भरून देते. तुटणे, चिरणे, द्रव सांडणे, झीज होणे यांना ती हात लावत नाही. आणि दोष निर्मितीतला की वापरातला, हे ठरवणारा माणूस ज्या कंपनीला खर्च सोसायचा आहे तिच्याच वतीने आलेला असतो. त्यात कोणाचा अप्रामाणिकपणा असतोच असे मी म्हणत नाही. पण बिजागरी, चार्जिंगचे तोंड, कीबोर्ड, पडद्याचा काठ अशा सीमारेषेवरच्या भागांबाबत निकाल ग्राहकाच्या बाजूने लागेल असे गृहीत धरून हिशेब मांडू नये.

दुसरा प्रसंग एकतिसाव्या महिन्यातला. चार्जरचा दिवा लागत होता, पण लॅपटॉप सुरू होईना. फोनवरून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरणे वगैरे नेहमीचे सोपस्कार झाले. मग इंजिनिअर आला, त्याने बॅटरी सोडवून फक्त चार्जरवर यंत्र सुरू करून पाहिले आणि मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ते मुख्य सर्किट, गेल्याचे दोन मिनिटांत सांगितले. या वेळी वाद झाला नाही, कारण बोर्डावर ओल किंवा जळाल्याची खूण नव्हती. बदलीचा बोर्ड यायला नऊ दिवस लागले, बसवायला एक तास. ‘पुढच्या कामाच्या दिवशी सेवा’ या शब्दांचा अर्थ सुटा भाग उपलब्ध झाल्यानंतरचा पुढचा दिवस असा असतो, हे मला तेव्हा उमगले. ज्यांचे पोट लॅपटॉपवर आहे त्यांनी हे आधीच विचारून ठेवावे. बदललेला भाग नवाच असेल असेही नाही, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेला भाग देण्याची मुभा बहुतेक कंपन्या अटींमध्ये राखून ठेवतात.

बोर्ड बसल्यावर यंत्र सुरू झाले आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागू लागले. विंडोजमधील बिटलॉकर ही सोय साठवलेली माहिती कूटबद्ध करते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून ठेवते, आणि ती किल्ली जुन्या बोर्डावरील सुरक्षा चिपशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की ती ओळख तुटते. अनेक लॅपटॉपांवर ही कूटबद्धता आपल्याला न सांगता चालू झालेली असते आणि रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. माझी की सापडली म्हणून माहिती वाचली. ज्या लॅपटॉपांत साठवणूक बोर्डावरच झाळलेली असते त्यांत की असूनही काही हाती लागत नाही. माहितीच्या नुकसानीची जबाबदारी कोणतीच वॉरंटी घेत नाही, तेव्हा बॅकअपचा खर्च या हिशेबात वेगळा धरावा.

आता हिशेब. मदरबोर्डासाठी वॉरंटीबाहेरचा जो दर मला सांगितला गेला तो लॅपटॉपच्या मूळ किमतीच्या सुमारे ४० टक्के होता. म्हणजे ९ टक्के भरून मी ४० टक्क्यांचा खर्च टाळला आणि वरकरणी व्यवहार फायद्याचा ठरला. पण हा हिशेब घटना घडून गेल्यानंतरचा आहे. खरेदीच्या क्षणी प्रश्न असा असतो की दोन वर्षांत इतका मोठा आणि वॉरंटीत बसणारा बिघाड होण्याची शक्यता ४० पैकी ९, म्हणजे सुमारे साडेबावीस टक्के, किंवा त्याहून जास्त आहे का. नीट वापरलेल्या, अति तापू न दिलेल्या लॅपटॉपसाठी ती तितकी आहे असे मला वाटत नाही. विकणाऱ्यालाही जमा झालेल्या रकमेतून दुरुस्त्या भागवून नफा काढायचा असतो, त्यामुळे सरासरी ग्राहक तोट्यात राहणार हे त्या किमतीतच ठरलेले आहे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी मोजत नाही: तिसऱ्या वर्षी लॅपटॉपचीच किंमत बरीच उतरलेली असते, आणि तसाच वापरलेला लॅपटॉप ज्या किमतीला मिळेल तीच आपल्या फायद्याची वरची मर्यादा. मूळ किमतीच्या ४० टक्क्यांत तसा दुसरा मिळत असेल, तर दुरुस्तीचा दर कितीही चढा असो, तो आपण भरणारच नव्हतो.

विद्युत उपकरणांच्या बिघाडांचा आलेख अभियंते बाथटबच्या आकाराचा काढतात. सुरुवातीला सदोष नग झटपट उघडे पडतात, मग दीर्घ सपाट काळ येतो आणि अखेरीस झिजेमुळे बिघाड पुन्हा वाढू लागतात. पहिला उतार मूळ वॉरंटीत जातो, शेवटचा चढ बहुधा वाढीव मुदत संपल्यावर येतो, आणि आपण पैसे मोजतो ते मधल्या सपाट भागासाठी. झिजेचा सर्वांत ठळक भाग म्हणजे बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण ३०० ते ५०० चार्ज-चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे पूर्ण बॅटरीइतका वापर) ८० टक्क्यांच्या आसपास येते, आणि नेमकी तीच बहुतेक वाढीव वॉरंट्यांमध्ये उपभोग्य वस्तू म्हणून वगळलेली असते. लॅपटॉपला तीन वर्षे असली तरी बॅटरीला एकच. तेव्हा पहिले वर्ष संपण्याआधी विंडोजचा बॅटरी अहवाल काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता पडताळावी, आणि घट अवाजवी असेल तर त्याच वर्षात तक्रार करावी. यासाठी एक पैसाही लागत नाही.

काही वेळा पैसे न भरताही संरक्षण मिळते, तेही तपासून पाहावे. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, त्यामुळे तेथे दुसऱ्या वर्षासाठी पैसे मोजण्यापूर्वी दोनदा विचार करावा. एखाद्या मॉडेलमध्ये दोष सार्वत्रिक असेल तर कंपनीला तो कधी कधी स्वतःहून दुरुस्त करून द्यावा लागतो. अ‍ॅपलने २०१५ साली मॅकबुकमध्ये आणलेल्या ‘बटरफ्लाय’ कीबोर्डची बटणे अडकू लागल्याच्या तक्रारी वाढल्यावर कंपनीने जून २०१८ मध्ये अशा यंत्रांसाठी पहिल्या विक्रीपासून चार वर्षे मोफत दुरुस्ती जाहीर केली. पण अशा घोषणेच्या भरवशावर कोणी बसू नये; ती होईपर्यंत अनेकांनी स्वतःच्या खिशातून कीबोर्ड बदललेले होते.

अपघाती संरक्षणाविषयी माझे मत बदलले आहे. ते वेगळे उत्पादन आहे, बहुधा खरेदीच्या वेळी किंवा त्यानंतर थोड्या दिवसांतच घ्यावे लागते, आणि वर्षातून एकच दावा किंवा प्रत्येक दाव्यामागे ठरावीक रक्कम भरण्याची अट त्यात असू शकते. तरीही, रोज पिशवीतून नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या बाबतीत पडदा फुटणे आणि कीबोर्डवर पाणी सांडणे हेच खरे धोके असतात, आणि साधी वाढीव वॉरंटी नेमकी तिथे पाठ फिरवते. माझ्याकडे हे संरक्षण असते तर ‘बाह्य आघात’ असा शेरा लिहूनही बहुधा त्यांना झाकण बदलून द्यावे लागले असते.

त्यामुळे कोणी विचारले तर मी आधी लॅपटॉप उलटा करून पाहायला सांगतो. रॅम (तात्पुरती स्मृती) आणि एसएसडी (माहितीची साठवणूक) बदलता येत असतील, सुटे भाग सहज मिळत असतील आणि यंत्र टेबलावरच राहणार असेल, तर वाढीव वॉरंटी घेऊ नये. ती रक्कम बाजूला ठेवावी. सगळे बोर्डावरच झाळलेले, पातळ आणि महागडे यंत्र असेल, तर एका चिपसाठी अख्खा बोर्ड बदलावा लागतो, आणि तो धक्का ज्याला एका दमात झेपणार नाही त्याने कंपनीचीच ऑनसाइट वॉरंटी, शक्यतो अपघाती संरक्षणासह, घ्यावी. तिसऱ्या संस्थेची योजना मी कोणालाही सुचवणार नाही.

माझी मुदत संपत आली तसे कंपनीने चौथ्या वर्षासाठी तीन ई-मेल पाठवले. एका वर्षाचा दर लॅपटॉपच्या मूळ किमतीच्या ७ टक्के होता, बॅटरी अर्थातच वगळलेली. मी नकार दिला आणि त्याहून कमी पैशांत कंपनीचीच नवी बॅटरी मागवली. मागचे झाकण, आठ स्क्रू, एक जोडणी, एवढेच काम होते. लॅपटॉप पुन्हा सहा तास चालतो. डाव्या बिजागरीवर मात्र माझे लक्ष आहे. झाकण आता एका कोपऱ्याला न धरता मधोमध धरून उघडतो.