फंडिंग घ्यायचं की ग्राहकाच्या पैशावर चालवायचं? पुण्यात स्टार्टअप काढणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात बालेवाडीत दोन मुलं भेटायला आली होती, दोघंही हिंजवडीत चांगल्या नोकरीला, एकाचं तर लग्न ठरलंय. भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या शॉपसाठी, म्हणजे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपसाठी, त्यांनी एक सॉफ्टवेअर केलंय, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला एक छोटी डबी लावायची, मशीन किती वेळ बंद राहिलं आणि का राहिलं ते आपोआप नोंदवलं जातं आणि मालकाला घरी जेवताना मोबाईलवर दिसतं. तीन शॉपमध्ये चालू आहे. आता स्टार्टअपमध्ये पैसे गुंतवणाऱ्या एका फंडाने सांगितलंय, २ कोटी देतो, कंपनीचे २० टक्के द्या, आणि १५ दिवसांत उत्तर हवंय. "दादा, घेऊ की नको?"

हा प्रश्न मला वर्षाला पाच-सहा जण तरी विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. मी गेली नऊ वर्षं चाकणच्या व्हेंडर कंपन्यांना सॉफ्टवेअर विकतो, पहिली चार वर्षं घरच्या पैशावर काढली, मग एकदा एंजल मंडळींकडून, म्हणजे स्वतःचे पैसे नव्या कंपन्यांत घालणाऱ्या लोकांकडून, थोडे पैसे घेतले, म्हणजे दोन्ही घाटचं पाणी प्यायलोय.

आधी फंडाचा हिशोब समजून घ्या

फंडाचे पैसे त्याचे स्वतःचे नसतात, त्यानेही ते दुसऱ्यांकडून साधारण १० वर्षांसाठी घेतलेले असतात आणि तिप्पट करून परत देण्याच्या बोलीवर निघालेला असतो. त्यातल्या बऱ्याच कंपन्या बुडणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, म्हणून प्रत्येक कंपनीकडे बघताना तो एकच विचार करतो, ही एकटी माझा पूर्ण फंड परत करू शकेल का.

आता या दोघांचं गणित मांडू, आकडे समजायला सोपे म्हणून मी धरलेले आहेत. फंड समजा ३०० कोटींचा. आज २० टक्के घेतले तरी पुढच्या राउंडमध्ये, म्हणजे पुन्हा नवे पैसे घेताना, सगळ्यांचाच हिस्सा पातळ होतो, विकायच्या वेळी फंडाकडे १२ टक्के उरले असं धरू. १२ टक्क्यांचे ३०० कोटी व्हायचे तर कंपनीची किंमत २,५०० कोटी हवी. वर्षाच्या विक्रीच्या सहापट किंमत मिळाली असं धरलं तर विक्री हवी ४१५ कोटींच्या आसपास. आणि भोसरीतला शॉपवाला या सॉफ्टवेअरचे वर्षाला ६०,००० देतो, त्याच्यावर एक रुपया द्यायला तो तयार नाही. म्हणजे जवळपास ७०,००० शॉप लागणार.

आता हेच दुसऱ्या बाजूने बघा. दोघं फाउंडर, तीन माणसं, भोसरीत एक छोटा गाळा, सगळा खर्च महिन्याला साडेतीन लाख. वर्षाचे ४२ लाख. त्याला शॉप लागतात ७०.

७० आणि ७०,०००. तेच प्रॉडक्ट, तीच माणसं, फक्त पैसा कुणाचा घेतला यावर कंपनीने काय व्हायचं ते ठरतं. मी त्यांना हे कागदावर लिहून दाखवलं तेव्हा दोघं बराच वेळ काही बोललेच नाहीत. अमेरिकेत असंच सॉफ्टवेअर विकणाऱ्याला एका कारखान्याकडून जेवढे मिळतात तेवढ्यासाठी आपल्याला इथे कितीतरी शॉप पालथे घालावे लागतात, प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवून, ऑपरेटरला मराठीत नाहीतर हिंदीत समजावून, आणि हा फरक तिकडचे स्टार्टअपचे सल्ले वाचताना कुणी लक्षात घेत नाही.

ग्राहकाचा पैसा चांगला, पण तो येतो कधी

बूटस्ट्रॅप, म्हणजे बाहेरचा पैसा न घेता धंदा वाढवणं, म्हटलं की सगळ्यांना झोहो आणि झिरोधा आठवतात. बरोबर आहे, दोन्ही बाहेरच्या गुंतवणुकीशिवाय मोठ्या झाल्या. पण झिरोधा शेअर ब्रोकर आहे, तिचा ग्राहक पैसे आधी भरतो आणि मग शेअरची खरेदी-विक्री करतो. तुमचा ग्राहक चाकणची मोठी कंपनी असेल तर गोष्ट वेगळी.

माझ्या दुसऱ्या वर्षातलं सांगतो. मार्चमध्ये एका मोठ्या कंपनीला १० लाखांचं बिल दिलं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११ लाख ८० हजार. पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, लिहिलेलं ९० दिवसांत पैसे. जीएसटी मात्र बिल काढलं की लागतो, पैसे आले की नाही हे कुणी विचारत नाही, २० एप्रिलला १ लाख ८० हजार खिशातून भरले. सॉफ्टवेअर कंपनीचा मुख्य खर्च पगार, पगारावर जीएसटी नसतो, त्यामुळे भरलेल्या जीएसटीतून वजा करायचं क्रेडिटही फारसं मिळत नाही. ९० दिवस झाले तेव्हा अकाउंट्सवाल्यांनी सांगितलं जीआरएनच (माल मिळाल्याची नोंद) झालेलं नाही, मग पर्चेसवाले साहेब बदलले, मग म्हणाले ऑडिट चालू आहे, आणि शेवटी टीडीएस कापून पैसे आले ते ऑक्टोबरमध्ये. मधल्या सात महिन्यांत ७ तारखेला पगार कसे केले ते मला आणि बायकोलाच माहीत, तिचे दागिने बँकेत होते. कंपनी फायद्यात होती बरं का, कागदावर.

आता परिस्थिती थोडी बरी आहे. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच दिवशी करा, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, आणि प्राप्तिकरात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतः फोन करायला लागलेत. उशिराच्या पैशावर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचीही तरतूद आहे, पण आपल्याच ग्राहकावर तक्रार टाकायची हिंमत होत नाही आणि ते मला समजतं. त्यापेक्षा ट्रेड्स (TReDS) वापरा, बिलं वटवायची ऑनलाइन सोय. तिथे मोठ्या कंपनीने तुमचं बिल मान्य केलं की बँक थोडी सूट कापून लगेच पैसे देते, आणि २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केलेली आहे. पुण्यासारख्या ऑटोवाल्या गावात हे शस्त्र आहे.

छोट्या शॉपचं उलट. रक्कम लहान, पण मालक समोर बसलेला असतो. वर्षाचे आधी दिलेत तर दोन महिने फुकट असं सांगितलं की काही जण तिथल्या तिथे चेक फाडतात. हा आगाऊ पैसा म्हणजे बिनव्याजी भांडवल, हिस्सा न देता मिळालेलं.

पुण्याचीच उदाहरणं

क्विक हीलचं बघा. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, नव्वदच्या दशकात भाऊ संजयबरोबर अँटीव्हायरस काढला, गल्लोगल्ली कॉम्प्युटरवाल्यांकडून विकला. फंडाचे ६० कोटी घेतले ते २०१० मध्ये, तोवर नाव झालेलं, विक्री होती, शेअर बाजारात आले २०१६ मध्ये. पंधरा वर्षं ग्राहकाच्या पैशावर आणि मग फंड, त्यामुळे बोलणी करताना त्यांच्या हातात पत्ते होते. सॉफ्टवेअरवाली पर्सिस्टंट १९९० ची, आयपीओ म्हणजे शेअर बाजारात पहिली विक्री २०१० ला.

डेटा बॅकअप विकणाऱ्या ड्रुव्हाची वाट वेगळी. २००८ ला पुण्यात सुरू झाली, लवकरच फंड घेतला, आणि ते बरोबरच होतं कारण विक्री अमेरिकन कंपन्यांना, पैसा डॉलरमध्ये, डेटा बॅकअपची गरज जगभर सारखी. तिथे वरचं ७०,००० वालं गणित लागूच होत नाही. फर्स्टक्राय २०१० ची, लहान मुलांचं सामान, गोदामं, स्टॉक, दुकानं, हे घरच्या पैशावर होणारच नव्हतं, आणि आयपीओ ऑगस्ट २०२४ ला झाला. धंद्यात आधी पैसा ओतावाच लागत असेल, किंवा जो आधी मोठा होईल त्यालाच मार्केट मिळणार असेल, तर फंड घ्या, आणि पुरेसा घ्या, अर्धवट नको.

तिसरी वाट: ग्रँट

हार्डवेअर, मेडिकल, बायोटेक असं काही असेल तर माझं स्पष्ट मत आहे की आधी ग्रँट बघा, म्हणजे परत न करायचे सरकारी पैसे. पाषाणला एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, सीओईपीमध्ये भाऊ इन्स्टिट्यूट आहे, दोन्ही इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणारी केंद्रं, तिथे जाऊन बसा, विचारा. बायोटेकवाल्यांना केंद्राच्या बायरॅक संस्थेची ‘बिग’ नावाची ग्रँट ५० लाखांपर्यंत, प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या नमुन्यासाठी, ‘निधी प्रयास’ योजनेत १० लाखांपर्यंत. स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ ला आली तेव्हा प्रोटोटाइपपर्यंतच्या कामाला २० लाखांपर्यंत ग्रँट आणि पुढे बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) अशी रचना होती, अट अशी की कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, म्हणून उगाच घाईने कंपनी रजिस्टर करून ठेवू नका. आत्ता कुठल्या योजनेचे अर्ज चालू आहेत ते इन्क्युबेटरलाच विचारा. पैसे हप्त्याने येतात, प्रत्येक हप्त्याला कागद, त्यामुळे ग्रँटच्या भरवशावर माणसं कामावर ठेवू नका.

बँकेचं थोडक्यात सांगतो. सीजीटीएमएसई या सरकारी हमी योजनेत तारण लागत नाही, मुद्रा कर्जाची मर्यादा २०२४ ला २० लाख झाली, पण मॅनेजर ताळेबंद आणि रिटर्न मागणारच, म्हणजे पहिली दोन वर्षं जवळजवळ दार बंद.

डॉलर आणि रुपया

फंडाचा पैसा परदेशातून आलेला असेल तर त्याला परतही डॉलरमध्येच द्यायचे असतात. २०१४ ला डॉलर साधारण ६० रुपये होता, २०२४ ला ८३-८४. १०० डॉलर आणले, ६,००० रुपये झाले, दहा वर्षांनी तेवढेच ६,००० परत दिले तर त्याचे ७२ डॉलरच होतात. म्हणजे नुसतं जागेवर राहायलाच आपल्याला रुपयात चाळीस टक्के वाढावं लागतं. नायजेरियातल्या लोकांचे तर फारच हाल झाले, २०२३ च्या जूनमध्ये त्यांचं चलन नायरा मोकळं सोडलं आणि डॉलरला ४६० च्या आसपास असलेला वर्षभरात १,४०० च्या पुढे गेला, तिथली कंपनी स्वतःच्या चलनात दुप्पट वाढली तरी डॉलरमध्ये लहानच दिसायची. आणि २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर शून्याजवळून पाच टक्क्यांच्या वर गेले तेव्हा आपल्याकडचे राउंड आटले, त्यात इथल्या फाउंडरची काहीच चूक नव्हती. पुढच्या राउंडच्या भरवशावर आजचा खर्च वाढवणारा माणूस त्या व्याजदरावर अवलंबून असतो.

कुणी सांगेल की कंपनी अमेरिकेत नाहीतर सिंगापूरला रजिस्टर करा. ग्राहक भारतात असतील तर करू नका. फोनपे २०२२ मध्ये सिंगापूरहून परत भारतात आली तेव्हा गुंतवणूकदारांवर जवळपास ८,००० कोटींचा कर बसला. एंजल टॅक्सची, म्हणजे जास्त भावाने शेअर विकून आलेल्या गुंतवणुकीवरच्या कराची, जुनी भीती मात्र आता काढून टाका, २०१२ चा तो कर २०२४ च्या बजेटमध्ये रद्द झाला.

टर्म शीटमध्ये काय वाचायचं

टर्म शीट म्हणजे फंडाच्या अटींचा कागद. लोक त्यात फक्त व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची धरलेली किंमत, बघतात. या दोघांनीही तेच बघितलं, १० कोटींची कंपनी झाली म्हणून खूश. मी लिक्विडेशन प्रेफरन्सचं कलम, म्हणजे कंपनी विकली तर आधी पैसे कुणाला, ते वाचायला सांगितलं, तिथे पार्टिसिपेटिंग लिहिलेलं. समजा उद्या कंपनी ५ कोटींना विकली गेली. फंड आधी आपले २ कोटी काढणार, उरलेल्या ३ कोटींतले २० टक्के म्हणजे ६० लाख वरून आणखी घेणार, एकूण २ कोटी ६० लाख. २० टक्क्यांच्या मालकाला अर्ध्याहून जास्त. नॉन-पार्टिसिपेटिंग असतं तर २ कोटींवर थांबला असता. या एका शब्दावर भांडा, वकिलाला पैसे देऊन भांडा, तोही स्टार्टअपचं काम करणारा हवा, घरच्या फ्लॅटचे कागद करणारा नको. आणि हिस्सा कसा पातळ होतो तेही बघून ठेवा, १० टक्के ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीचे शेअर, बाजूला ठेवले आणि २०-२० टक्क्यांचे दोन राउंड झाले की दोघा फाउंडरकडे मिळून ५७.६ उरतात.

मी त्यांना काय सांगितलं

माझं मत त्यांना तोंडावर सांगितलं, आत्ता २ कोटी घेऊ नका. फंड वाईट आहे म्हणून नाही, तीन शॉपवर तुम्हाला स्वतःलाच माहीत नाही की तुमची कंपनी ७० ची आहे की ७०,००० ची. ३० शॉप करा, मग कळेल की चाकण, रांजणगाव सोडून राजकोट, कोइम्बतूरला हे विकलं जातंय का. विकलं जात असेल तर त्याच फंडाकडे जा, तेव्हा भावही वेगळा मिळेल. तोवर अडलंच तर ओळखीच्या एंजलकडून कन्व्हर्टिबल नोट घ्या, केंद्राच्या डीपीआयआयटी विभागाची स्टार्टअप म्हणून मान्यता काढून, किमान २५ लाखांची लागते, व्हॅल्युएशनचं भांडण पुढे ढकलता येतं. ज्याचं लग्न आहे त्याने सहा महिने नोकरी सोडू नये, हेही सांगितलं, त्याला आवडलं नाही.

उत्तर द्यायला चार दिवस उरले होते. म्हटलं सोमवारी त्या तिन्ही शॉपमध्ये जा आणि वर्षाचे पैसे आगाऊ मागा. गेले. एकाने ५०,००० चा चेक दिला, दुसऱ्याने सहा महिन्यांचे दिले, तिसरा म्हणाला दिवाळीनंतर या, पण जाताना शेजारच्या गाळेवाल्याला बोलावून डबी दाखवली आणि तो म्हणाला माझ्या दोन व्हीएमसी मशीनवर लावून द्या. फंडाला त्यांनी गुरुवारी नको म्हणून कळवलं.