बोअरच्या पाण्यातला चुना गेला नाही, सोसायटीला मात्र लागला

आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, नळाच्या जाळ्या बुजलेल्या. हे हेरूनच विक्रेता आला. पाण्यातला चुना घालवायला म्हणून बोअरच्या पाइपला बाहेरून आवळायचे दोन चुंबक, किंमत अठ्ठावीस हजार. वीज नको, मीठ नको. ‘एकध्रुवी आहेत, आतल्या बाजूला फक्त उत्तर ध्रुव. ताकद १२ हजार गॉस!’ त्याने चुंबक जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपजवळ नेला, तो खाडकन चिकटला. ‘बघा काका, पाण्यापर्यंत कसा ओढतोय!’ कमिटीने त्याच संध्याकाळी पैसे पाठवले.

खरी मेख त्या चिकटण्यातच आहे. लोखंडातून जाणं चुंबकाच्या बलरेषांना हवेपेक्षा कितीतरी सोपं. या रेषा पाइपच्या भिंतीत शिरतात आणि भिंतीतूनच वळून दुसऱ्या ध्रुवाकडे परततात. पाण्याच्या वाट्याला फारच थोडं उरतं. नंतर आम्ही पाइपचे दोन तुकडे घेतले, एक पीव्हीसीचा, एक जीआयचा. आत दोऱ्याने टाचणी सोडून बाहेरून तोच चुंबक लावला. पीव्हीसीत टाचणी भिंतीकडे झेपावली, जीआयमध्ये जवळजवळ सरळ लोंबत राहिली.

एकध्रुवीचं सोंग तर पोरांच्या होकायंत्रापुढेही टिकलं नाही. वेष्टन उघडल्यावर चुंबकाच्या एका बाजूने सुईचं उत्तर टोक ओढलं, दुसऱ्या बाजूने दक्षिण. चुंबकाचे कितीही तुकडे करा, प्रत्येकाला दोन्ही ध्रुव असतातच. एकट्या ध्रुवाची शक्यता भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३१ मध्ये मांडली, शास्त्रज्ञ अजून शोधताहेत, आणि हा गडी तो बॅगेत घेऊन फिरतोय! १२ हजार गॉस हा आकडाही निओडिमियम चुंबकाच्या मिश्रधातूचा गुण म्हणून दिला जातो, पाण्यात तेवढं क्षेत्र मिळतं म्हणून नव्हे.

जाब विचारल्यावर तो म्हणाला, ‘क्षार जात नाहीत, त्यांचं रूप बदलतं, मग थर धरत नाही.’ सोयीचं उत्तर! प्रयोगशाळेत पाण्याचं काठिण्य (जडपणा) तेवढंच निघालं तरी हा मोकळा. पण आमच्या कॉइलवर थरही पूर्वीसारखाच धरतोय.

बिलावर नुसतं ‘वॉटर कंडिशनर’ आहे, बाकी सगळी हमी तोंडी. तुमच्या दारी असा कोणी आलाच, तर थर धरल्यास पैसे परत, हे बिलावरच लिहून मागा. बहुतेक तिथेच तो चहा न घेता उठेल. पैसे आधीच गेले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला २ वर्षांची मुदत असते. आमची तक्रार तयार होतेय, टाचणीच्या प्रयोगाचा व्हिडिओ सोबत जोडतोय.