तेल अरादची दिवसभराची सहल: भूमिहीन याजकांच्या शोधात

जेरुसलेमहून सकाळी निघून तेल अराद या प्राचीन किल्ल्याच्या टेकडीला जाणारी आणि परतताना इस्रायल म्युझियममध्ये थांबणारी एका छोट्या संस्थेची सहल आम्ही चौघांनी घेतली. विषय होता इस्राएलाच्या इतर वंशांमध्ये राहून सेवा करणारी लेवी वंशाची आणि त्यातल्याच याजकांची, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांची, घराणी. मार्गदर्शक दिवसभरात एकदाही त्यावरून ढळले नाहीत, याचे मला फार समाधान वाटले.

ज्या वंशाला जमिनीचा वाटाच मिळाला नाही तो खात काय होता, हा प्रश्न त्यांनी गाडीतच मांडला. बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकाप्रमाणे लेव्यांना 48 नगरे मिळाली, त्यांपैकी अहरोनाच्या वंशजांची, म्हणजे याजकांची, 13 नगरे यहूदा, शिमोन आणि बन्यामीन यांच्या मुलखात होती. हेब्रोन याजकांचे आणि भोवतालची गायरानेही त्यांची, मात्र शेते आणि खेडी यहूदा वंशातील कालेबाची. आपल्याकडील बलुते ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचा हिशेब लगेच उमगतो: शेतकऱ्याने लेव्याला दशमांश द्यायचा, लेव्याने त्यातला दशमांश याजकाला द्यायचा, आणि यज्ञपशूचा खांदा, दोन्ही गालफडे व कोथळा हा याजकाचा हक्क. ज्यांचे असे भागत नसे त्यांची कथा शास्तेच्या पुस्तकात आहे. बेथलेहेमचा एक तरुण लेवी काम शोधत एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात पोहोचतो आणि मीखा नावाच्या गृहस्थाच्या घरी वर्षाला चांदीचे 10 शेकेल, एक पोशाख आणि जेवण यांवर पुरोहित म्हणून राहतो.

आजच्या अराद शहराच्या पश्चिमेला साधारण 10 किलोमीटरवर असलेल्या या टेकडीवर सहलीचे खरे मोल कळते. किल्ल्याच्या तटाच्या आत यहूदाच्या राज्यकाळातील एक मंदिर आहे, तेही जेरुसलेमपासून इतक्या दूर, नेगेव वाळवंटाच्या सीमेवर. अंगणातली वेदी न घडवलेल्या दगडांची, साधारण अडीच मीटर चौरस, म्हणजे निर्गमच्या पुस्तकात सांगितलेल्या 5 हातांच्या मापाच्या जवळची. आतल्या गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी दोन लहान धूपवेद्या आहेत. इथे उभ्या आहेत त्या प्रतिकृती. मूळ गाभारा म्युझियममध्ये आहे, आणि तिथे वेद्यांच्या माथ्यावर जळून काळा झालेला थर अगदी जवळून पाहता येतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत दोन धूपवेद्यांपैकी मोठ्या वेदीवरच्या थरात फ्रँकिन्सेन्स हा सुगंधी डिंक आणि प्राण्यांची चरबी सापडली, तर लहान वेदीवर शेणात मिसळलेली भांग.

याहूनही मला खापरे भावली. पुरातत्त्वज्ञ योहानान अहरोनी यांच्या 1960च्या दशकातील उत्खननात शाईने लिहिलेली हिब्रू खापरे मोठ्या संख्येने मिळाली. मंदिराच्या जागेत मिळालेल्या काहींवर मरेमोथ आणि पशहूर ही याजक घराण्यांत आढळणारी नावे आहेत, आणि एकावर 'कोरहाचे वंशज' असा उल्लेख आहे. बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या मथळ्यांमध्ये ज्यांना आपण गायक म्हणून ओळखतो, त्या घराण्याचे नाव सीमेवरच्या किल्ल्यातील खापरावर पाहताना मी बराच वेळ तिथून हललो नाही.

उणिवा दोन. यहोशवातील नगरांची यादी मार्गदर्शकांनी वंशांमध्ये भूमी वाटली गेली त्या काळाची नोंद असल्याप्रमाणे वाचून दाखवली. अनेक अभ्यासक ती यादी राजेशाहीच्या काळातील मानतात, हा वाद श्रोत्यांसमोर यायलाच हवा होता. दुसरे म्हणजे, म्युझियमसाठी ठेवलेला पाऊण तास अपुरा आहे. गाभाऱ्यासमोर उभे राहून खापरांकडे वळेपर्यंत निघण्याची सूचना झाली.

पाचपैकी चार गुण. टेकडीवर सावली नसल्यामुळे पाणी आणि टोपी बरोबर असावी. शक्य असल्यास गणनाचा 18वा आणि यहोशवाचा 21वा अध्याय आदल्या रात्री वाचून जावे, आणि म्युझियमसाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ राखून ठेवावी.