काठी, चार पायांची काठी की वॉकर? आधी न्हाणीचं दार मोजा

मिरजेच्या घरात आई एकटी राहते. वय ७८. गेल्या श्रावणात न्हाणीतून बाहेर येताना पाय सरकला आणि ती खुब्यावर पडली. हाड मोडलं नाही, पण मुका मार असा बसला की पुढचे तीन आठवडे कूस बदलतानाही कळवळायची. "पुण्याला चल" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तुझ्या चौथ्या मजल्यावर मी काय करू? इथे सकाळी दार उघडलं नाही तर चार जणी चौकशीला येतात." तिचं खोटं नाही. ती तिथेच राहणार हे ठरलं, तेव्हा तिच्या हातात काय द्यायचं आणि घरात काय बसवायचं एवढाच प्रश्न उरला.

पहिली चूक माझीच. मिरजेत सर्जिकल सामानाच्या दुकानांना तोटा नाही. त्यातल्या एकात शिरले. दुकानदाराने विचारलं, "पेशंटचं वय किती?" मी सांगितलं आणि त्याने घडीचा वॉकर काढून दिला. घरी आणून उघडला, तर मागच्या पायांपाशी रुंदी भरली २३ इंच. न्हाणीचं दार चौकटीच्या आतून २२. म्हणजे आई जिथे पडली होती, नेमका तिथेच वॉकर बाहेर थांबणार होता.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशाच खरेदीला निघालं असेल, तर टेप घेऊन आधी दारं, पलंगाभोवतीची वाट आणि उंबरठे मोजा. वय विचारून दिलेली वस्तू वयाला बसते, घराला बसेलच असं नाही.

काठी की आणखी काही

फिजिओथेरपिस्टबाई घरी आल्या, तेव्हा त्यांनी वस्तूचं नावही काढलं नाही. आईला खुर्चीतून उठायला लावलं, चार पावलं चालायला लावलं, वळायला लावलं. मग विचारलं, "दुखतं म्हणून हळू चालता, की तोल जाईल म्हणून?" निवड या उत्तरावर ठरते. एकाच पायाचा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर साधी काठी बहुतेक वेळा पुरते. अंगाची एक बाजू कमकुवत असेल, उदाहरणार्थ अर्धांगवायूनंतर, तर चार पायांच्या काठीचा विचार करायचा. दोन्ही पायांत जोर नसेल, किंवा ऑपरेशननंतर एका पायावर भार टाकायला मनाई असेल, तर वॉकर. भार कधी आणि किती टाकायचा हे मात्र ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनीच सांगायचं. शेजारणीच्या गुडघ्यावरून आपला ठरवायचा नाही.

साध्या काठीची मोठी सोय म्हणजे ती कुठेही जाते. उंबरठा ओलांडते, जिना चढते, रिक्षात मांडीवर मावते, आणि एक हात मोकळा राहतो. चहाचा कप स्वयंपाकघरातून झोपाळ्यापर्यंत स्वतःच्या हाताने नेणं हे एकट्या राहणाऱ्या बाईसाठी लहान काम नाही. पण काठी अंगाचा थोडाच भार घेते. ती आधाराला आहे, रेलायला नाही.

दोन गोष्टी जवळजवळ सगळे चुकवतात. आम्हीही चुकवल्या होत्या.

पहिली गोष्ट उंचीची. आई बाबांची जुनी शिसवी काठी वापरायची. बाबा पावणेसहा फूट, आई जेमतेम पाच. त्या काठीवर तिचा खांदा कानाकडे चढलेला असायचा आणि संध्याकाळी मान दुखायची. माप सोपं आहे. घरात घालतो ती चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मनगटावर जिथे घडी पडते तिथे काठीची मूठ यायला हवी. मूठ धरली की कोपर किंचित वाकतं. फिजिओथेरपिस्टबाईंनी खडूने खूण केली आणि सतारमेकर गल्लीतल्या ओळखीच्या कारागिराने साडेतीन इंच कापून दिली. तंबोऱ्याचं लाकूड कापणाऱ्या हाताने कापलेली काठी म्हणून आई आता ती मिरवते. आधी मात्र काठी म्हटलं की "म्हातारी दिसते मी" हे चालूच असायचं. आवडीची वस्तू हातात राहते, नावडती दाराआड जाते, आणि दाराआडच्या काठीने कुणाचा तोल सावरत नाही. अॅल्युमिनियमच्या बटण दाबून कमीजास्त होणाऱ्या काठीत कापण्याची भानगड नाही. फक्त बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय ना हे पाहायचं.

दुसरी गोष्ट हाताची. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात, असं बहुतेकांना वाटतं. ती डाव्या हातात हवी. उजव्या पायावर उभं राहून आपण डावा उचलतो, तेव्हा कंबर डावीकडे झुकू नये म्हणून उजव्या खुब्याच्या स्नायूंना जोर लावावा लागतो. डाव्या हातातली काठी तो जोर वाटून घेते. शिवाय चालताना उलटा हात-पाय एकदमच पुढे जातो, त्यामुळे चालही नैसर्गिक राहते. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे, मग चांगला पाय. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. आईने याचं स्वतःचं सूत्र केलंय: "शहाणा वर, आजारी खाली."

चार पायांची काठी दुकानात हमखास जास्त सुरक्षित वाटते. ती आपल्या पायांवर उभी राहते, खाली पडत नाही, आणि वाकून काठी उचलण्याचा प्रसंग टळतो. हे खरंच उपयोगी आहे. रात्री पलंगाशेजारी ठेवायला यासारखी वस्तू नाही. पण तिचे चारही पाय एकाच वेळी टेकले तरच ती आधार देते. आमच्या अंगणातल्या ओबडधोबड शहाबादी फरशीवर तिचा एक पाय कायम अधांतरी. जुन्या घरांतल्या अरुंद पायऱ्यांवर ती पूर्ण मावत नाही. भरभर चालणाऱ्याच्या हातात ती डगमगते, कारण मागचे पाय टेकतात आणि पुढचे हवेत राहतात. सपाट फरशीचा फ्लॅट आणि सावकाश चालणारा माणूस असेल तर घ्या. आणि घेताना पाहा: पायांची पसरट बाजू शरीराच्या बाहेर हवी. उलटी धरली तर आपलाच पाय त्यात अडकतो.

वॉकर तिघांत सर्वांत जास्त भार घेतो. दुखण्याच्या पहिल्या महिन्यात आईला त्याच्याशिवाय माजघर ओलांडता येत नव्हतं, त्यामुळे माझे पैसे अगदीच वाया गेले नाहीत. पण त्याच्या अडचणी एकटं राहणाऱ्यालाच जास्त जाणवतात. दोन्ही हात गुंततात. चहा नेता येत नाही, कुकर उचलता येत नाही, दाराची कडी काढताना एक हात सुटतोच. आम्ही पुढच्या दांडीला कापडी पिशवी बांधली आणि चहा फिरकीच्या झाकणाच्या थर्मासमध्ये. पिशवीत जड काही टाकलं की वॉकर पुढे कलंडतो, हे एकदा नारळ ठेवल्यावर कळलं. जिन्यावर वॉकर न्यायचा नाही, कितीही हलका असला तरी. आणि खुर्चीतून उठताना वॉकर धरून स्वतःला ओढायचं नाही. तो आपल्याच अंगावर येतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं, मग वॉकर धरायचा. म्हणून खुर्ची हातांची आणि गुडघ्याइतक्या उंचीची हवी. मऊ सोफा हा म्हाताऱ्या माणसाचा शत्रूच.

पुढे दोन चाकं असलेला वॉकर उचलावा लागत नाही, त्यामुळे हातात फारसा जोर नसलेल्यांना बरा. पार्किन्सन, म्हणजे कंपवात, असेल तर उचलायच्या वॉकरने पाऊल थबकण्याचा त्रास वाढू शकतो. तिथे चाकांचा कुठला घ्यायचा ते न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा. उंच उंबरठ्यांच्या घरात मात्र चाकं अडतात. उंबरठ्यांचं घर आणि वॉकर यांचं एकंदरीत जमत नाही.

तिघांतही खालचं रबर ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. उलटं करून पाहा: वळ्या झिजून ते गुळगुळीत झालं असेल तर ओल्या फरशीवर त्याचा भरवसा नाही. नवं रबर दुकानात सुटं मिळतं. नेताना काठीच सोबत न्या, तोंडाचं माप वेगवेगळं असतं.

संडासाचा प्रश्न

खरी जोखीम इथे आहे आणि याबद्दल घरात कुणी मोकळेपणी बोलत नाही. आमच्याकडे खाली बसायचा संडास. बसणं जमतं, उठताना ब्रह्मांड आठवतं. पर्याय तीन होते.

कमोड चेअर म्हणजे हातांची खुर्ची, मध्ये भोक, खाली भांडं. ती रात्री पलंगाशेजारी ठेवता येते, अंधारात न्हाणीपर्यंतची वाट वाचते. पण भांडं कोण रिकामं करणार? एकट्या माणसासाठी सगळं इथे अडतं. आईने ती फक्त पहिला महिना वापरली, सकाळी कामाला येणाऱ्या मावशी होत्या म्हणून. दुसरा पर्याय म्हणजे खालच्या संडासावर ठेवायचं, मध्ये भोक असलेलं स्टूल. स्वस्त, लगेच मिळणारं, फोडाफोड नको. पाय पसरट आणि रबराचे असतील तरच घ्या. आम्ही आणलेलं पहिलं ओल्या फरशीवर सरकायचं, ते परत केलं. तिसरा पर्याय कायमचा: कमोड बसवून घेणं. गवंडी, प्लंबर, चार दिवसांचा पसारा, खर्चही जास्त. माझं मत विचाराल तर, माणूस पुढची काही वर्षं त्याच घरात राहणार असेल तर पहिले पैसे यावर घालावेत, डोकं वर होणाऱ्या पलंगावर नाही. कमोड आधीच असेल पण बुटका पडत असेल, तर त्यावर बसणारी उंच सीट मिळते. घट्ट बसते का ते हलवून पाहा.

आणि काहीही निवडलं तरी भिंतीला स्टीलचा दांडा हवाच. टॉवेलचा रॉड म्हणजे दांडा नव्हे. आई पडली तेव्हा तिने तोच धरला होता आणि तो स्क्रूसकट हातात आला. दांडा विटांच्या भिंतीत अँकर बोल्टने बसवायचा, आणि बसवल्यावर घरातल्या वजनदार माणसाने त्याला लोंबकळून पाहायचं. आमच्याकडे हे काम भावाने आनंदाने केलं. रबरी वाटीने टाइल्सला चिकटणारे दांडे मिळतात. अंगाचा भार टाकायला मी त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाही. टाइल्सच्या सांध्यातून वाटीत हवा शिरते आणि ते कधी सुटतील ते सांगत नाहीत.

विकत, उसनं की सरकारी

तीन महिन्यांहून कमी लागणारी वस्तू विकत घेऊ नका. बऱ्याच गावांत ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं, देवस्थानं आणि ट्रस्ट यांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात. वॉकर, कमोड चेअर, व्हीलचेअर, डोकं वर होणारा पलंग अनामत भरून मिळतो. फक्त आणताना घडीचं कुलूप, रबरं आणि ब्रेक तिथेच तपासा. आधीच्या पेशंटने काय केलं ते सांगायला तिथे कुणी नसतं. काठी मात्र स्वतःची, स्वतःच्या मापाची.

उत्पन्न कमी असलेल्या ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तीत शिबिरांमधून काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा अशा वस्तू दिल्या जातात. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली: ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर अशा साहित्यासाठी एकदा ३००० रुपये थेट खात्यात.

वस्तूआधीची एक तपासणी

आई पडली ती फक्त ओल्या फरशीमुळे, असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी तिला झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून पुन्हा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० पेक्षा जास्त अंकांनी उतरला. उठल्या उठल्या डोळ्यांपुढे येणारी अंधारी ती "पित्त" म्हणून सोडून द्यायची. गोळीची मात्रा बदलली, आणि आता पलंगाच्या कडेला बसून, पाय हलवून, मिनिटभराने उठायचं असा नियम आहे. तुमच्या घरी कुणी पडलं असेल तर काठी घेण्याआधी ही तपासणी करून घ्या. बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्यांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवा. स्वतःहून गोळी बंद करू नका. घरी मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको. मनगट हृदयाच्या पातळीत नीट धरलं नाही तर आकडा चुकतो.

शेवटी हाक मारण्याची सोय. पडणं ओळखणारी घड्याळं मिळतात, पण ती वरचेवर चार्ज करावी लागतात आणि आईला ते जमणार नाही. साधा बटणांचा फोन कापडी पाकिटात घालून तिच्या गळ्यात असतो, न्हाणीतही. फडताळावरचा फोन जमिनीवर पडलेल्या माणसाच्या कामाचा नाही. गळ्यातल्या फोनचं एकच बटण दाबलं की मला लागतो. रोज सकाळी सातला ती मिस्ड कॉल देते. साडेसातपर्यंत आला नाही तर मी शेजारच्या काकूंना फोन करते. घराची किल्ली त्यांच्याकडे आहे. मात्र आई रात्री आतून कडी लावते. किल्ली असून काकू बाहेरच राहणार. "चोर आला तर?" असं ती म्हणते, आणि त्यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही.